राउटर शेजाऱ्याला काय विचारतो?

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींकडून त्या दिवसांच्या गमती आपण ऐकल्या असतील. चार आण्यांचे पंचवीस पैसे हा हिशेब सोपा होता. पण एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात आणि पाव पैशाचे नाणे नव्हते. त्यामुळे रूपांतराचे तक्ते आले, आणि जुनी-नवी नाणी काही काळ बाजारात शेजारी शेजारी फिरत राहिली. बदलाची तारीख ठरवायला सरकार होते, कायदा होता, तरीही जुन्या-नव्याचा संसार एकत्र चालवावाच लागला.

संगणकांच्या जाळ्यातही अशी एक तारीख होऊन गेली आहे. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेट या अमेरिकी जाळ्याने १ जानेवारी १९८३ रोजी आपली जुनी नियमावली सोडून टीसीपी/आयपी ही नवी नियमावली स्वीकारली. तेव्हा त्या जाळ्यावर काही शे संगणक होते, म्हणून हे जमले. आज अशी तारीख कोणी ठरवायची? आजचे इंटरनेट पाऊण लाखाहून अधिक स्वतंत्र जाळ्यांचे मिळून बनले आहे आणि त्यांपैकी कोणाचाही कोणावर हुकूम चालत नाही. तरीही गेल्या तीस वर्षांत या जाळ्यांच्या आपसातील बोलीत पुष्कळ नव्या गोष्टी आल्या, आणि त्यासाठी इंटरनेट एक दिवसही बंद ठेवावे लागले नाही. हे कसे साधले ते पाहू.

इंटरनेट सेवा देणारी एखादी कंपनी, मोठी बँक किंवा विद्यापीठ यांचे जे स्वतंत्र जाळे असते त्याला स्वायत्त प्रणाली म्हणतात. प्रत्येक प्रणालीला एक क्रमांक असतो. दोन प्रणालींच्या सीमेवरचे राउटर एकमेकांना वाटा सांगतात. त्यांच्या बोलण्याचे जे ठरलेले नियम आहेत त्यांचे नाव बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, थोडक्यात बीजीपी.

अशी कल्पना करा की नकाशे नाहीत, रस्त्यावर पाट्याही नाहीत. प्रत्येक गावचा कोतवाल फक्त शेजारच्या गावच्या कोतवालाशी बोलतो. कोल्हापूरचा कोतवाल कराडच्या कोतवालाला सांगतो, "कोल्हापूरला जाणारे माझ्याकडे पाठव." कराडचा कोतवाल साताऱ्याला सांगतो, "कोल्हापूरला माझ्यावरून जाता येते. वाट कराड, कोल्हापूर." साताऱ्याकडून पुण्याला निरोप जातो, "वाट सातारा, कराड, कोल्हापूर." वाटेतील गावांची यादी सोबत असल्याने दोन गोष्टी साधतात. पुण्याला दोन वाटा कळल्या तर कमी गावांची वाट निवडता येते. आणि यादीत आपलेच नाव दिसले, तर ही वाट फिरून आपल्याकडेच येते हे ओळखून ती सोडून देता येते. बीजीपीमध्ये गावांच्या नावांच्या जागी स्वायत्त प्रणालींचे क्रमांक असतात, एवढाच फरक. मुंबईसह अनेक शहरांत निक्सी या २००३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची विनिमय केंद्रे आहेत. तेथे भारतातली जाळी एकमेकांना भेटतात, तीही याच बोलीत.

शाळेच्या संगणक कक्षातला साधा स्विच यातले काही करत नाही. कोणत्या पोर्टला कोणता संगणक जोडला आहे एवढेच तो लक्षात ठेवतो. मोठ्या माहिती केंद्रांतले स्विच मात्र राउटरचेही काम करतात, आणि तेथे इमारतीच्या आतसुद्धा बीजीपी चालते. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये खुली केलेली सोनिक ही स्विचसाठीची प्रणाली बीजीपीकरिता एफआरआर हे मुक्त सॉफ्टवेअर वापरते. त्याचे मूळ कुनिहिरो इशिगुरो यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या झेब्रा या प्रकल्पात आहे. पुढे ज्या आज्ञा येतील त्या एफआरआरच्या आहेत. इतर कंपन्यांच्या स्विचवर शब्द थोडे बदलतात, कल्पना त्याच राहतात.

बीजीपीचा पहिला आराखडा कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी १९८९ च्या जानेवारीत जेवणाच्या टेबलावर, कागदी रुमालांवर मांडला. त्याच वर्षी त्याची पहिली संहिता प्रसिद्ध झाली. १९९० मध्ये दुसरी आवृत्ती आली, १९९१ मध्ये तिसरी, आणि १९९४-९५ मध्ये चौथी. या वेगाने आज आपण विसाव्या आवृत्तीच्या पुढे असायला हवे होते. प्रत्यक्षात आजही चौथीच आवृत्ती चालू आहे! पाचवी आवृत्ती आली नाही याचे कारण फार रंजक आहे.

दोन राउटरांना बोलायचे असते तेव्हा ते प्रथम टीसीपीच्या १७९ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी करतात आणि लगेच एकमेकांना 'ओपन' नावाचा संदेश पाठवतात. हे झाले ओळखपत्र. त्यात आवृत्तीचा आकडा, आपला प्रणाली क्रमांक, राउटरची ओळख आणि एक मुदत असते. "इतके सेकंद तुझ्याकडून काहीच ऐकू आले नाही तर तू गेलास असे समजेन," असा त्या मुदतीचा अर्थ. एकाने १८० सेकंद म्हटले आणि दुसऱ्याने ९०, तर दोघेही ९० धरतात. या सगळ्यानंतर ओळखपत्राच्या शेवटी 'ऐच्छिक बाबी' लिहायला थोडी मोकळी जागा ठेवलेली होती.

नवी गोष्ट सांगायला ही जागा सोयीची वाटते. पण चौथ्या आवृत्तीच्या नियमात एक मेख होती. ओळखपत्रात अनोळखी ऐच्छिक बाब दिसली तर राउटरने चुकीची सूचना पाठवून जोडणी तोडायची, असा नियम होता. म्हणजे एखाद्या नव्या राउटरने "मला आणखी एक गोष्ट येते" असे म्हटले, की जुना राउटर दारच बंद करणार. मग प्रत्येक सुधारणेला नवी आवृत्ती काढायची आणि सगळ्यांनी ती घेईपर्यंत थांबायचे, एवढाच मार्ग उरतो.

यावरचा तोडगा रवी चंद्रा आणि जॉन स्कडर यांनी २००० साली आरएफसी २८४२ या दस्तऐवजात मांडला. २००९ पासून त्याची सुधारलेली संहिता, आरएफसी ५४९२, लागू आहे. त्यांनी 'क्षमता' नावाची एकच नवी ऐच्छिक बाब सुचवली आणि तिच्या पोटात वाटेल तितक्या क्षमतांची यादी ठेवायची मुभा दिली. बाहेरची बाब एकदा ओळखीची झाली की आतल्या यादीत पुढे काहीही भर घालता येते. आतल्या यादीसाठी नियम उलटा केला: जी क्षमता ओळखत नाहीस तिच्याकडे दुर्लक्ष कर आणि पुढे वाच.

न कळणाऱ्या गोष्टीकडे यंत्राने दुर्लक्ष करायचे तरी कसे? ती कोठे संपते हे त्याला कळायला नको का? याचे उत्तर एका खऱ्या उदाहरणातच पाहू. ही आठ बाइटांची एक ऐच्छिक बाब आहे:

२, ६, १, ४, ०, २, ०, १

पहिला २ म्हणजे 'ही क्षमतांची बाब आहे'. ६ म्हणजे 'पुढचे सहा बाइट माझे'. मग यादीतली पहिली क्षमता येते. १ हा तिचा सांकेतिक क्रमांक असून त्याचा अर्थ 'मी अमुक प्रकारच्या पत्त्यांच्याही वाटा सांगू शकतो' असा आहे. ४ म्हणजे तिचा तपशील चार बाइटांचा आहे. त्यातले ०, २ मिळून पत्त्यांचा प्रकार सांगतात: १ असता तर जुने आयपीव्ही४ पत्ते, २ आहे म्हणून आयपीव्ही६. नंतरचा ० राखीव आहे. शेवटचा १ सांगतो की या नेहमीच्या, एका ठिकाणाहून एकाच ठिकाणी जाणाऱ्या वाहतुकीच्या वाटा आहेत. यातली लांबी फार मोलाची. ज्या राउटरला १ या संकेताचा अर्थच ठाऊक नाही तोसुद्धा ४ वाचतो, चार घरे पुढे सरकतो आणि पुढच्या क्षमतेवर जातो. बंद गाठोड्यात काय आहे हे कळले नाही तरी त्याची लांबी-रुंदी पाहून ते बाजूला ठेवता येते, तसे हे आहे.

तक्रार कोणी करायची याचाही नियम ठरला आहे, आणि आम्हाला तो संहितेतला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. शेजाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त येते म्हणून मी जोडणी तोडू शकत नाही. मला जे अत्यावश्यक आहे ते शेजाऱ्याला येत नसेल, तरच मला तसे सांगून थांबता येते. आणि जुना राउटर 'क्षमता' ही बाहेरची बाबच ओळखत नसेल, तर? तो जुन्या नियमाप्रमाणे जोडणी तोडतो. अशा वेळी नव्याने क्षमतांची यादी न जोडता पुन्हा साधे ओळखपत्र पाठवावे, असे संहिता सांगते. मग दोघे १९९५ सालच्या बोलीत बोलतात, आणि बोलतात हे महत्त्वाचे.

आता स्विचवर हे कसे लिहितात ते पाहू. 'नेबर' या शब्दापुढे शेजाऱ्याचा पत्ता आणि 'रिमोट-एएस' या शब्दापुढे त्याचा प्रणाली क्रमांक लिहिला की शेजारी नोंदला जातो. वेगळे काही सांगितले नाही तर दोन्ही याद्यांत जे समान आहे तेवढ्यावर संबंध जुळतो. समान असे काहीच नसेल तर जोडणी होत नाही. ही मूळ वृत्ती बदलणाऱ्या तीन आज्ञा आहेत. 'डोन्ट-कॅपॅबिलिटी-निगोशिएट' ही आज्ञा दिली की त्या शेजाऱ्याला यादी पाठवलीच जात नाही. फार जुन्या यंत्राशी गाठ असेल तर ती उपयोगी. 'स्ट्रिक्ट-कॅपॅबिलिटी-मॅच' दिली तर दोन्ही याद्या तंतोतंत जुळल्या पाहिजेत, नाहीतर जोडणी रद्द. 'ओव्हरराइड-कॅपॅबिलिटी' म्हणजे शेजारी काहीही म्हणो, मी माझ्या नोंदीप्रमाणेच वागणार. या तिसऱ्या आज्ञेपासून नवशिक्यांनी दूर राहावे असे आमचे मत आहे. समोरच्याला मराठी येत नाही असे त्याने सांगितल्यावरही त्याच्याशी मराठीतच बोलत राहण्याचा हा प्रकार आहे. त्याला ती खरोखर येत असूनही तो सांगायला विसरला असेल, तरच याचा उपयोग.

बहुतेकांची फसगत मात्र या तीन आज्ञांमुळे होत नाही. समजा, एका बाजूच्या व्यवस्थापकाने आयपीव्ही६ च्या विभागात शेजाऱ्यासाठी 'ॲक्टिव्हेट' लिहिले आणि दुसऱ्या बाजूचा ते लिहायला विसरला. आयपीव्ही४ दोघांत समान आहे, म्हणून जोडणी होते. पडद्यावर 'एस्टॅब्लिश्ड' असे झळकते. दोघेही समाधानाने चहाला जातात. पण आयपीव्ही६ ची एकही वाट इकडून तिकडे गेलेली नसते! नियमाप्रमाणे कोणाचेच चुकलेले नाही, म्हणून कोणतीही घंटा वाजत नाही. किमान समान गोष्टींवर जुळवून घेण्याची ही किंमत आहे. अशा वेळी 'शो बीजीपी नेबर्स' ही आज्ञा देऊन क्षमतांची यादी पाहावी. प्रत्येक क्षमतेपुढे 'ॲडव्हर्टाइज्ड अँड रिसीव्हड' असेल तर ती दोन्हीकडून जाहीर झाली आहे. नुसते 'ॲडव्हर्टाइज्ड' असेल तर आपण बोललो आणि समोरून उत्तर आले नाही. (जाता जाता: याच पडद्यावर 'ॲक्टिव्ह' अशी अवस्था दिसली तर आनंदित होऊ नये. तिचा अर्थ 'अजून जोडणीचा प्रयत्न चालू आहे' असा आहे. नावे ठेवण्यात संगणकशास्त्रज्ञ कधी कधी कच्चे पडतात.)

आणखी एक लक्षात ठेवावे. ओळखपत्र जोडणीच्या सुरुवातीलाच दिले जाते. त्यामुळे चालू जोडणीत एखादी क्षमता वाढवायची किंवा काढायची झाली तर सहसा जोडणी तोडून पुन्हा जुळवावी लागते, आणि तेवढा वेळ त्या वाटा नाहीशा होतात. जाळ्याची देखभाल करणारे लोक असली कामे मध्यरात्रीनंतर का करतात, ते यावरून कळेल.

क्षमतांच्या या युक्तीची खरी परीक्षा झाली ती प्रणाली क्रमांक अपुरे पडू लागले तेव्हा. मूळ क्रमांक दोन बाइटांचा, म्हणून ० ते ६५,५३५ एवढेच आकडे उपलब्ध. ते संपणार हे दिसू लागले. चार बाइट केले तर ४,२९,४९,६७,२९६ आकडे मिळतात. पण ओळखपत्रात क्रमांकाचे घर दोन बाइटांचेच आहे, आणि वाटांच्या याद्यांतही जुने राउटर दोन-दोन बाइट मोजूनच वाचतात. सगळ्या जगाचे राउटर बदलल्याशिवाय हे कसे करायचे?

२००७ साली यासाठी ६५ क्रमांकाची क्षमता ठरली. "मला चार बाइटांचे क्रमांक समजतात, आणि माझा खरा क्रमांक हा," असे ती सांगते. ओळखपत्रातल्या जुन्या लहान घरात खरा क्रमांक मावत नसेल तर तेथे २३४५६ हा राखीव क्रमांक लिहायचा. हा आकडा कोणत्याच जाळ्याला दिलेला नाही.

तीन जाळी घेऊ. पहिले नवे, क्रमांक ६५५५०. मधले जुने, क्रमांक ६४५००. तिसरे पुन्हा नवे. (हे क्रमांक लेखनातल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत.) पहिल्याला मधल्याकडून ६५ ही क्षमता आली नाही, म्हणून शेजारी जुना आहे हे त्याने ओळखले. तो वाटेच्या यादीत स्वतःऐवजी २३४५६ लिहितो आणि खरा क्रमांक एका वेगळ्या पुरवणीत जोडतो. मधल्या जुन्या राउटरला पुरवणी वाचता येत नाही. पण अनोळखी पुरवणीवर 'पुढे द्या' अशी खूण असेल तर ती न उघडता पुढे द्यायची, हा नियम तो पाळतो. तिसऱ्याकडे वाट पोहोचते ती '६४५००, २३४५६' अशी, सोबत पुरवणी. तिसरा पुरवणी उघडतो, २३४५६ च्या जागी ६५५५० बसवतो, आणि खरी वाट त्याच्या हाती येते. मधल्याला काहीच कळले नाही, तरी त्याचे काही अडले का? वाटेची लांबी त्याला बरोबर दिसली. वाट फिरून आपल्याकडे येते का, हे पाहायला त्याला स्वतःचाच क्रमांक शोधायचा असतो, तो तर लहानच आहे. आण्याचे पैसे करताना पाव पैसा कोठेतरी गळत होता, येथे काहीच गळत नाही. मधल्या जुन्या राउटरच्या व्यवस्थापकाला एवढेच करावे लागते: शेजाऱ्याचा 'रिमोट-एएस' म्हणून २३४५६ लिहायचा.

ही व्यवस्था जुन्याच्या प्रामाणिकपणावर उभी आहे हे मात्र खरे. न कळणारी पुरवणी त्याने खरोखरच जशीच्या तशी पुढे द्यायला हवी. २७ ऑगस्ट २०१० रोजी युरोपातील रिपे एनसीसी ही संस्था आणि अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठ यांनी प्रयोग म्हणून एका वाटेला अनोळखी पुरवणी जोडून पाठवली. ती नियमात बसणारी होती. पण सिस्कोच्या काही राउटरांवरील सॉफ्टवेअरमध्ये दोष होता. त्यांनी ती पुढे देताना बिघडवली. पुढच्या राउटरांना बिघडलेला संदेश मिळाला आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यांनी जोडण्या तोडल्या. प्रयोग सुमारे अर्ध्या तासात थांबवला, तरी तेवढ्यात अनेक जाळ्यांची वाहतूक विस्कळीत झाली. २०१५ मध्ये नियम सौम्य करण्यात आला: एखाद्या वाटेची पुरवणी बिघडलेली असेल तर शक्यतो तेवढीच वाट रद्द समजावी, सगळी जोडणी तोडू नये.

आणखी दोन क्षमतांचा थोडक्यात उल्लेख करू. क्रमांक २ ची क्षमता म्हणजे "पुन्हा सांगा" म्हणण्याची सोय. राउटर नको त्या वाटा गाळून टाकतो. गाळण्याचे निकष बदलले तर टाकलेल्या वाटा पुन्हा हव्या असतात. आज आयपीव्ही४ च्या वाटा दहा लाखांच्या घरात आहेत. ही क्षमता नसेल तर त्या सगळ्यांची प्रत जपून ठेवावी लागते किंवा जोडणी तोडून नव्याने जुळवावी लागते. ६४ क्रमांकाची क्षमता सांगते, "माझे सॉफ्टवेअर पुन्हा सुरू होत असेल तर इतके सेकंद धीर धर, माझ्या वाटा पुसू नकोस." धीर धरण्यात धोकाही आहे. शेजारी खरोखरच बंद पडला असेल तर तेवढा वेळ आपण माहिती खड्ड्यात टाकत राहतो.

वर्गात करण्यासारखा एक खेळ सुचवतो. फळ्यावर ही ओळ लिहा:

२, १४, १, ४, ०, १, ०, १, २, ०, ६५, ४, ०, १, ०, १४

विद्यार्थ्यांनी ती वाचून दाखवायची. आयपीव्ही४ कोठे आहे? ज्या क्षमतेला तपशीलच नाही, म्हणजे लांबी ०, ती कोणती? शेवटच्या चार आकड्यांवरून प्रणाली क्रमांक काढा. (१ × ६५,५३६ + ० × २५६ + १४ = ६५,५५०.) मग ६५ च्या आधी २००, ३, ७, ७, ७ एवढे आकडे घाला, आणि दुसरा आकडा १४ ऐवजी १९ करा. २०० चा अर्थ कोणालाच सांगू नका. तरीही शेवटचा क्रमांक ६५,५५० च निघतो, हे विद्यार्थ्यांना स्वतः पाहू द्या. आता तो ३ पुसून तेथे २ लिहा. वाचणारा ७, ७ ओलांडतो, तिसऱ्या ७ ला नवी क्षमता समजतो, आणि ६५ ला तिची लांबी! फळ्यावर पाचच आकडे उरलेले असतात. खरा राउटर येथे ओळखपत्र सदोष ठरवून जोडणी नाकारतो. हा खेळ आठवीच्या वर्गालाही जमावा.

हुशार विद्यार्थी एक प्रश्न विचारतील, त्याचे उत्तर तयार ठेवा. ओळखपत्रातल्या सगळ्या ऐच्छिक बाबींची एकूण लांबी सांगायला एकच बाइट दिलेला आहे. म्हणजे सर्व क्षमता मिळून २५५ बाइटांत बसायला हव्यात. यादी त्याहून वाढली तर? २०२१ मध्ये आरएफसी ९०७२ ने यासाठी जागा वाढवून दिली. लांबीच्या घरात २५५ लिहायचे, त्यानंतर बाबीच्या प्रकाराच्या जागी पुन्हा २५५ हा राखीव संकेत, आणि त्यापुढे खरी लांबी दोन बाइटांत. पण ही नवी पद्धत शेजाऱ्याला समजते की नाही, हे आधी विचारायची सोय नाही, कारण विचारण्याची जागाच ती आहे. म्हणून यादी २५५ बाइटांत मावत असेल तोवर जुनीच पद्धत वापरावी, असे त्याच दस्तऐवजात सांगितले आहे.